समाधीखाती मीठ, दोन पोती

सोनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की आई त्या अडीच गुंठ्यापायी कशाला उगाच भाऊबंदकी वाढवायची, ती थडगी कुणाची आहेत ते तरी माहितीये का कुणाला, आणि मी एकदम गप्प बसले. तुला वाटलं असेल आई रुसली. रुसले नव्हते गं, कुकर लावला होता आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला उत्तरच सुचलं नाही. मग रात्रभर सुचत राहिलं. आता दुपारचं दुकानात गिऱ्हाईक नसतं तर मोबाईलवर बोटाने टाईप करत बसलेय, चुका असतील त्या समजून घे, आणि एका बैठकीत वाच, अर्धं वाचून अंगठा पाठवू नकोस.

आधी तर थडगी म्हणू नकोस. समाध्या म्हण. गावात सगळे "वाण्याच्या समाध्या" म्हणतात, एसटीचे जुने ड्रायव्हर पण तिथं हात जोडायचे, त्यांना काय माहिती आत किराणा दुकानदार बसलेत म्हणून.

मी लग्न होऊन सोलापूरहून सिन्नरकडे आले तेव्हा मलाही पहिल्यांदा विचित्रच वाटलं होतं. आमच्या सोलापुरात लिंगायत म्हणजे गल्लीच्या गल्ली, पुरायची रुद्रभूमी वेगळी, तिथं सगळ्यांचं होतं. इकडे गावात आपली घरं मोजून तीन. गावच्या स्मशानात जाळायचा ओटा आणि वर पत्रा, पुरायला जागाच नाही, आणि आपल्यात तर जाळत नाहीत. मग ज्याचं त्याने आपल्या शेतात. त्यासाठी जमिनीचा सगळ्यात वाईट तुकडा निवडला होता पूर्वजांनी, व्यापारी डोकं, मुरमाड, बांधाच्या कडेला, जिथं बाजरी सुद्धा गुडघ्याच्या वर गेली नसती. आज त्याच तुकड्यासमोर डांबरी रस्ता आहे आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून दर महिन्याला कोणीतरी पांढऱ्या गाडीतून उतरून फ्रंटेज किती विचारतं. हे बघ, दादाला मी दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, दोन वर्षं कांद्याने मारलंय. पण त्याने तुला जो हक्कसोडपत्राचा कच्चा कागद व्हॉट्सॲपवर पाठवलाय त्यात नुसता गट नंबर आणि चतुःसीमा आहे, समाध्यांचा एका शब्दाने उल्लेख नाही. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, आणि मधे काहीच नाही जणू.

आता कुणाच्या आहेत ते सांगते. सांगते म्हणजे, मलाही आधी माहिती नव्हतं. दगडावर नावं फक्त चार आहेत आणि चारही पुरुषांची. तुझ्या पणजोबांची मोठी समाधी, नंदी आणि पिंड असलेली, काळ्या दगडाची, चुन्यात बसवलेली. तिच्या शेजारी त्यांचे भाऊ. मग तुझ्या आजोबांची, नानांची, सिमेंटची, फरशी लावलेली, आणि एक अगदी झिजलेली, तिच्यावरचं वाचताच यायचं नाही. बाकी सगळे नुसते दगडांचे ढीग आणि चौथरे, मी मोजले ते सतरा. सतरा! नाना होते तेव्हा मी एकदा विचारलं होतं की बाकीच्या कुणाच्या, तर म्हणाले "घरातल्याच." बास. घरातल्या म्हणजे बायका आणि पोरं, हे कळायला मला पुढं पंचवीस-तीस वर्षं लागली.

कळलं ते कसं ते ऐक, हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही.

नाना गेले १९९४ ला. तू तीन वर्षांची होतीस, तुला आठवत नसणार. आपल्यात माणसाला बसवून नेतात, झोपवून नाही, विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या मखरात बसवलं होतं, कपाळाला भस्म, गळ्यात फुलं, आणि पुढं शंख. खड्डा आदल्या रात्रीपासून चालू होता कारण खाली दोन हातांवर कच्चा दगड लागला. खड्डा मयताच्या पावलाने मोजतात, पप्पांनी नानांच्या चपलेचं माप सुतळीने घेतलं होतं ते मला अजून दिसतं, सुतळीला गाठी मारत होते आणि गाठ चुकली की परत पहिल्यापासून. खाली गेल्यावर एका भिंतीत कोनाडा कोरतात, त्रिकोणी, त्यात बसवतात, डाव्या हातात इष्टलिंग, आणि मग भस्म, बेल आणि मीठ. खडे मीठ. ते कुठून आणायचं, आपलं दुकानच ना. पप्पा म्हणाले दोन पोती काढ. मी गोडाऊनमधून काढून दिली, आणि सवयीने, बघ हं, सवयीने संध्याकाळी रोजकीर्दीला बसले तर माल गेलाय पण पैसे आले नाहीत, लिहायचं काय? बाईंना विचारलं, तुझ्या आजीला. त्या रडत होत्या, रडता रडता म्हणाल्या, "लिही समाधीखाती. मामंजी तसंच लिहायचे."

मी लिहिलं. समाधीखाती मीठ, दोन पोती. रकमेच्या जागी रेघ.

आणि मग कितीतरी वर्षांनी, पप्पा गेल्यावर, माळ्यावरच्या लाल चोपड्या वाळवीमुळे काढल्या तेव्हा ते वाक्य डोक्यात वाजलं. मामंजी तसंच लिहायचे. म्हणजे त्यांच्याही कीर्दीत असणार. १९५०-५५ च्या पुढच्या चोपड्या बाळबोधीत आहेत, मला वाचता आल्या. त्याच्या मागच्या सगळ्या मोडीत, माझ्यासाठी काळ्या मुंग्या. सिन्नरमध्ये एक रिटायर गुरुजी मोडी वाचतात, त्यांच्याकडे चार महिने दर गुरुवारी गेले, पिशवीत दोन चोपड्या आणि एक किलो शेंगदाणे. गुरुजी बोट फिरवत वाचायचे, "गूळ, गूळ, राकेल, सुपारी, विडीचा दोरा," आणि मधेच थांबायचे, "हां. समाधीखाती मीठ." प्रत्येक नोंदीत कुणासाठी ते आहे. नाव नाही सगळीकडे, पण "धाकट्या वहिनी", "थोरलीचा मुलगा दीड वर्षाचा", "पंढरपूरची आत्या". दगडावर जे कुणी कोरलं नाही ते वाण्याने मिठाच्या हिशोबात लिहून ठेवलं, कारण माल गेला की लिहायलाच पाहिजे.

लहान मुलांना किती मीठ लागतं ते माहितीये? पायलीभर. तसंच लिहिलंय.

एक पान तर गुरुजींनी दोनदा वाचलं. शके १८४०, आश्विन. म्हणजे १९१८. अकरा दिवसांत चार वेळा मीठ. ती मानमोडीची साथ. तू कोविडच्या वेळी इंग्रजीत स्पॅनिश फ्लू स्पॅनिश फ्लू म्हणायचीस ना तीच, आपल्याकडे तिला मानमोडी म्हणायचे, मुंबईत आधी आली आणि पावसाळ्याच्या शेवटी दुसऱ्यांदा जी उसळली ती खेड्यापाड्यात पसरली, त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. देशात कोटीच्या वर माणसं गेली त्यात. आणि आपल्याकडे त्या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या, आजाऱ्याची उठबस कोण करणार, घरातल्या बाईनेच, आणि तिला झालं की तिची करायला कोणी उरायचं नाही. आपल्या चारमध्ये तीन बायका आणि एक पोर. कडुलिंबाच्या झाडाखाली जे चार ढीग एका रांगेत अगदी जवळ जवळ आहेत ना, ज्यावर तू लहानपणी उभी राहून लिंबोळ्या पाडायचीस, ते. चौथ्या नोंदीपुढं मीठ अर्धं पोतं लिहिलंय. बाकीच्या दोघींना एक एक पोतं. गुरुजी म्हणाले मीठ संपलं असेल. मी म्हटलं खड्डा खणायला माणूस मिळाला नसेल, लहान खणला असेल. आम्ही दोघं बराच वेळ ह्यावरच बोलत बसलो, चहा गार झाला.

गंमत बघ, सगळा महाराष्ट्र अस्थी घेऊन नाशिकला येतो. रामकुंडावर कुठल्याही दिवशी जा, लांबलांबच्या गाड्या, पांढऱ्या टोप्या, आणि तिथल्या तीर्थपुरोहितांकडे वह्या असतात, तुमचं गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबा कधी आले होते ते काढून दाखवतात. दशक्रिया विधी, सगळं तिथं. आणि आपण इथलेच, अर्ध्या पाऊण तासावर, पण आपलं नाव त्या वह्यांत कुठेच नाही, कारण आपल्याकडे अस्थीच होत नाहीत. सुतकही धरत नाहीत आपल्यात, तिसऱ्या दिवशी दुकान उघडतं. म्हणून आपली वही म्हणजे ही रोजकीर्दच, दुसरी नाही.

अस्थी होत नाहीत म्हटलं खरं.

हे लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितेच. पप्पांचं तुला माहिती आहे, एप्रिल २०२१, हॉस्पिटलमधून परस्पर नेलं, तू पुण्यात अडकलेली, मी स्वतः पॉझिटिव्ह. आपल्यात जाळत नाहीत हे सांगायला तरी कुणाला सांगायचं, तिथं रांग होती, विचारायला कोणी थांबत नव्हतं, आणि त्या पोरांनाही काय बोलणार, पीपीई घालून घामाने निथळत होती बिचारी. चार दिवसांनी काका मडकं घेऊन आले. घरात आणायचं नसतं म्हणून शेतातल्या लिंबाला टांगलं आणि म्हणाले लॉकडाऊन उठला की रामकुंडावर नेतो. मी तुला फोनवर सांगितलं काकांनी अस्थी रामकुंडात सोडल्या म्हणून.

खोटं सांगितलं. चौदा दिवस झाल्यावर मला बाहेर पडता आलं, पहाटे मी आणि आपली सालदाराची बायको गेलो, नानांच्या पायथ्याशी टिकावाने हातभर खड्डा केला, मडकं ठेवलं, वर बेल टाकला, भस्म टाकलं आणि दुकानातलं मीठ. काकांना सांगितलं की मी नेऊन आले. त्यांना बहुतेक कळलं असणार, कारण कुणी परत काही विचारलं नाही. वर फक्त दोन विटा उभ्या करून ठेवल्यात, कुणाला दिसू नये म्हणून जास्त काही केलं नाही. त्या विटा सरळ उभ्या आहेत का हे मी दर सोमवारी जाऊन बघते आणि तू मला म्हणायचीस आई गुडघे दुखतात तर कशाला शेतात जातेस.

तर परवा तू जे म्हणालीस की कुणाची आहेत कुणाला माहितीये, ते ह्याच्यामुळे मला लागलं. चूक तुझी नाही, मीच सांगितलं नव्हतं.

आता तिथली हालत सांगते, नाहीतर तुला वाटेल छान बाग वगैरे आहे. काहीही नाही. घाणेरी माजलीय, गाजरगवत आहे, शेजारच्याने कांद्याच्या फाटक्या गोण्या आणि ड्रीपच्या नळ्या बांधावरून आत टाकल्यात, आणि रस्त्याच्या बाजूला रात्री बसणाऱ्यांच्या बाटल्या. पणजोबांच्या समाधीत पिंपळ उगवलाय. बारका असताना उपटायला पाहिजे होता, पिंपळ कोण उपटणार म्हणून सगळे नमस्कार करत राहिले, आता मूळ मनगटाएवढं झालंय आणि दोन चिरे पुढं ढकललेत. नंदीचं एक शिंग ट्रॅक्टरच्या नांगराने गेलं. आणि सहा-सात वर्षांपूर्वी अमावस्येला कुणीतरी खणलं होतं, गुप्तधनाच्या नादाने, सकाळी लिंबू, कुंकू आणि कोंबडीची पिसं. कोणती खणली तर त्या झिजलेल्या समाधीची मागची बाजू. वाण्याच्या समाधीत सोनं असणार असं वाटलं असेल मेल्यांना. निघालं काय, तर भस्माचे दगडासारखे झालेले गोळे आणि खाली ओल धरलेली माती. सालदाराने मातीचं बोट जिभेला लावलं, येडाच आहे तो, म्हणाला अजून खारट लागतंय.

ती बुजवताना मग पप्पांनी गवंडी बोलावला होता आणि त्याने सिमेंट थापलं, ती एक चूक झाली. जुनं काम चुन्याचं असतं, चुना पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही, ओल आतच राहते आणि मग दगडाचे पापुद्रे निघतात. निघालेतच आता, हाताने सुटतात. नंतर दुसऱ्या एकाने ॲसिडने धुवून चकाचक करून देतो म्हटलं त्याला मी हाकललं. नुसतं पाणी आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश, त्याने मी स्वतः घासते, शेवाळ निघतं आणि दगडाला काही होत नाही.

अक्षरं वाचायची एक युक्ती सापडली ती सांगते. दिवसा उन्हात काहीच दिसत नाही त्या झिजलेल्या दगडावर. अंधार पडल्यावर मोबाईलची बॅटरी समोरून न धरता अगदी कडेने धरायची, दगडाला टेकवून, म्हणजे उजेड आडवा जातो आणि कोरलेल्या खाचेत सावली पडते. मी दिवाळीच्या आदल्या दिवशी गेले होते, सालदाराची बायको बॅटरी धरून आणि मी वहीत लिहून. पहिल्यांदा "शके" दिसलं. मग आकडा, १७ पर्यंत पक्का, पुढचे दोन नाही. शके १७ कितीतरी म्हणजे नव्वदच्या आसपास असलं तर इंग्रजांच्या काळातलं, आणि पाच-दहाच्या आसपास असलं तर पेशवाईतलं. आणि मग खाली, बॅटरी अजून तिरकी केली तर एक ओळ, आणि त्यात शेवटी "बाई". मी परत परत पाहिलं. बाईच आहे. म्हणजे सगळ्यात जुना नाव कोरलेला दगड एका बाईचा आहे आणि आपण शंभर वर्षं तो आजोबांचा समजून हार घालतोय.

कोण असेल ती, कोणी आणि का कोरून ठेवलं असेल तिचं नाव, मोडी चोपड्या तेवढ्या मागं जात नाहीत. तिच्या पुढच्या सगळ्या बायकांचे नुसते ढीग का, ते पण कळत नाही.

बायकांचं तसं अवघडच असतं गं. माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात लिहून दुसरं ठेवायचं, मग पोरं झाली की अमक्याची आई, शेवटी बाई. तुझ्या आजीचं माहेरचं नाव मला तिच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी शोधावं लागलं. सतरापैकी अकराचा पत्ता लागलाय मला, नावं लाल वहीत लिहिलीत, कुठला ढीग कुणाचा त्याचा नकाशा पण काढलाय लिंबापासून पावलं मोजून. इथं लिहीत नाही, फोन हरवतात.

आता कागदाचं. तुझा हक्क आहेच, २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून वाटा आहे आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने तेही सांगितलं की वडील २००५ ला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, म्हणून तर तुझ्या सहीसाठी धावपळ चाललीय. तुला जमीन नको असेल तर सोड, मी एक शब्द बोलणार नाही, दादाच्या पोरांना उपयोगी पडेल. पण सातबारा उघडून बघ, ऑनलाईन निघतो, त्यात लागवडीखालचं क्षेत्र वेगळं आणि पोटखराब वेगळं दाखवलेलं असतं. पोटखराबात अ आणि ब असे दोन वर्ग असतात, अ म्हणजे खडकाळ, पडीक, शेतातलं घर, खळं, ते पुढंमागं लागवडीत आणता येतं, आणि ब म्हणजे रस्ता, नाला, आणि दहन-दफनाची जागा, ते नाही येत. आपले समाधीचे गुंठे कुणीतरी कधीतरी सगळे अ मध्ये टाकून ठेवलेत. मी तलाठी ऑफिसला तीनदा जाऊन आले, तिसऱ्या वेळी एक पोरगी बसली होती टेबलावर, तिने नीट ऐकून घेतलं, अर्ज कसा करायचा ते सांगितलं आणि मोजणी करून घ्या म्हणाली. मोजणीचे पैसे मी भरलेत. दुकानातले, कुणाचे नाहीत.

म्हणून एवढंच कर, मोजणी होईपर्यंत सही करू नकोस. वाटणीचं तहसीलदारांपुढं संमतीने व्हायचं असेल तर होऊ दे, पण नकाशात समाध्या दाखवल्या पाहिजेत आणि त्याकडे जायला वाट. दादाला सांगायचं मी बघते, त्याला लहानपणी मीच भरवलंय, चिडेल आणि जेवायला येईल. पेट्रोल पंपवाला म्हणतोय म्हणे की समाध्या "शिफ्ट" करून देऊ, सगळ्या मिळून एक छान मार्बलचा ओटा. सतरा ढिगांखालचं काय शिफ्ट करणार तो, माती?

संक्रांतीला ये. तू आणि जावई दोघं या, पण एक संध्याकाळ माझ्यासाठी ठेव, तुझ्या फोनचा टॉर्च माझ्यापेक्षा चांगला आहे, ते पुढचे दोन आकडे बघायचेत मला. येताना बूट घालून ये, सँडल नको, विंचू आहेत. आणि काथ्याचे ब्रश पुण्यात मिळाले तर दोन आण, इथं प्लॅस्टिकचेच मिळतात.

अजून एक, आता सगळं लिहितेच आहे तर. बाईंच्या डाव्या हाताला, लिंबाची सावली चार वाजेपर्यंत राहते तिथं, मी माझ्यासाठी जागा बघून ठेवलीय. रडू नकोस, मला काही झालेलं नाही, शुगर सुद्धा कंट्रोलमध्ये आहे. फक्त तिथून दादाने मागच्या वर्षी पाईपलाईन नेलीय, ती हलवून घ्यावी लागेल. आणि पाकिटातलं मीठ वापरू नका, ते बारीक असतं. खडे मीठ आजकाल होलसेलवाले ठेवत नाहीत म्हणून एक पोतं मी गोडाऊनमध्ये मागच्या बाजूला वेगळं ठेवलंय, गुळाच्या ढेपांच्या मागे. कीर्दीत अजून लिहिलेलं नाही.

तुझी,
आई